टूलरूममधली खुर्ची

९ जानेवारी

मामा,

नमस्कार, मामींनाही सांगा. परवा फोन केला होता. तुम्ही पलीकडून तीनदा "कोण? कोण?" केलंत आणि ठेवून दिलात. मग मामींनी फोन लावून सांगितलं की पत्रच लिही, पत्र ते दोनदा वाचतात, फोनवर नुसतेच ओरडतात. तेव्हा चष्मा लावा. माझं अक्षर सुधारलेलं नाही, सांभाळून घ्या.

कारखान्याच्या दवाखान्यात मला सात महिने झाले. नोकरी तुमच्या शब्दावर मिळाली हे इथे कोणी विसरू देत नाही. "सेफ्टीवाल्या साहेबांची भाची" हेच माझं नाव पडलंय. गेटवरचे नाना रोज सकाळी सातला स्टुलावर चढून तुमच्या बोर्डावरचा आकडा बदलतात. पत्र्याचे आकडे, तीन खिळे आणि वर तुमच्याच अक्षरात "अपघाताविना दिवस". आज ३१० आहे. माणसं आत येताना आधी आकडा बघतात आणि मग हजेरीच्या रांगेला लागतात.

का बघणार नाहीत? तुमच्या वेळी शंभर दिवसांना एक भरपगारी रजा होती. नव्या साहेबांनी नोटीस लावलीय की आकडा ३६५ ला पोचला, तर प्रेस शेडमधले अकराच्या अकरा हंगामी कामगार कायम. मध्ये एक जरी अपघात रजिस्टरमध्ये चढला, तर पुन्हा शून्यापासून. त्या अकरांत तुमचे जावई आहेत. सहा वर्षं हंगामीच आहेत. कायम झाले तर कंपनीच्या दोन खोल्या मिळतील. आमच्या आत्ताच्या खोलीत कपडे वाळत घातले की दार उघडत नाही. नव्या जागेत कपाट कुठे ठेवायचं यावरून हे आत्ताच माझ्याशी भांडतात. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, दुसरं काय.

एक विचारायचं होतं. टूलरूममध्ये एक वेताची खुर्ची आहे. पाय मुरगळलेला एक फिटर आठवडाभर येतो, हजेरी लावतो आणि आठ तास तिच्यावर बसून वॉशर निवडतो. त्याला पाय टेकवत नाही. मी म्हटलं, रजिस्टरमध्ये लिहिते. तर फोरमन म्हणाला, "सिस्टर, माणूस कामावर आहे ना? मग अपघात कसला?" हे असंच असतं का?

तुमची
ठकू


१५ जानेवारी

ठके,

पत्र दोनदा नाही, तीनदा वाचलं. ३१० वाचून छाती फुगली. तुझी मामी म्हणते, फुगलंय ते पोट आहे.

बोर्डाची गोष्ट तुला कधी सांगितली नाही. मी नोकरीला लागलो त्या वर्षी माझ्या डोळ्यांदेखत एक माणूस पट्ट्यात ओढला गेला. जेवणाच्या सुट्टीआधी एक गठ्ठा संपवायची घाई होती, बाकी काही नाही. त्यानंतर कारखान्याने भिंतीभिंतीवर कवट्यांची चित्रं लावली. आठ दिवसांनी माणसं त्या चित्रांवर डबे टांगायला लागली. तेव्हा मला कळलं की भीती दाखवून माणूस जपत नाही, आशा दाखवली की जपतो. एकाच्या चुकीने सगळ्यांची रजा बुडणार असेल, तर शेजारचाच त्याचा हात धरतो. पहिल्या वर्षी एकतीस अपघात होते, चौथ्या वर्षी दोन. निवृत्त झालो त्या दिवशी बोर्डावर ४१८ होता. नानाने तो आकडा माझ्यासमोर लावला आणि मला रडू आलं, हे मामीला सांगू नकोस.

खुर्चीचं म्हणशील तर ती सोय आहे. नियम साधा आहे. लागलेला माणूस त्याच्या पुढच्या पाळीला गैरहजर राहिला तर तो अपघात, हजर राहिला तर किरकोळ. किरकोळची नोंद होत नाही. तो फिटर घरी बसला असता तर त्याचा पगार गेला असता आणि सगळ्यांचे दिवसही गेले असते. बसून वॉशर निवडतोय तर निवडू दे. फोरमन जुना माणूस आहे, त्याच्याशी वाद घालू नकोस. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये.

जावईबापूंना म्हणावं, कपाट खिडकीशेजारी ठेवा.

तुझा
मामा


१३ फेब्रुवारी

मामा,

उत्तराला उशीर झाला. मन ठिकाणावर नव्हतं.

परवा, ३४३ व्या दिवशी, प्रेसमध्ये एका माणसाचा हात सापडला. उजवा. मधली दोन बोटं चेपलीत, पंजा सुजून टम्म झालाय. यंत्राची हात अडवणारी जाळी वर बांधून ठेवलेली होती. सगळेच बांधतात. जाळी खाली असली की तासाला पत्र्याची चाळीस झाकणं कमी निघतात, आणि कमी निघाली की सुपरवायझर वहीत नाव लिहितो.

त्याला माझ्याकडे आणलं ते बाकीच्या दहा जणांनी मिळून, मध्ये घेऊन, बाहेरच्याला दिसू नये असं. पैलवान म्हणून त्यांच्यातला सगळ्यात जुना आहे, तो दाराला पाठ लावून उभा राहिला. कोणी धमकी दिली नाही, विनवणीही केली नाही. सगळे फक्त टेबलावरच्या रजिस्टरकडे बघत होते. पेन माझ्या हातात होतं. शेवटी त्या माणसानेच डाव्या हाताने रजिस्टर मिटलं आणि म्हणाला, "सिस्टर, बावीसच दिवस राहिलेत."

त्याला हॉस्पिटलमध्ये न्यायला हवं. एक्स-रे काढायला हवा. पण तिथे कुठे लागलं ते विचारतात, आणि कारखान्याचं नाव सांगितलं की कागद इथे येतो. घरी लागलं म्हणावं तर दाखल करून घेतील, आणि या महिन्यात गैरहजर राहणाऱ्या हंगामीचं नाव यादीतून जातं. काल आणि आज तो खुर्चीवर बसला. मी दोनदा ड्रेसिंग केलं. त्याच्या बायकोला काय वाटत असेल, हे सारखं मनात येतं.

मामा, तुम्ही असतात तर काय केलं असतं? तुम्ही सांगाल तसं करीन. मला एकटीला हे झेपत नाही.

इकडे बाकी ठीक. हे बरे आहेत.

ठकू


१८ फेब्रुवारी

ठके,

घाबरू नकोस. तू नर्स आहेस, रोज रक्त बघणारी, आणि दोन बोटांनी हातपाय गाळलेस?

मी नीट विचार करून लिहितोय. एका बाजूला एका माणसाची दोन बोटं आहेत. दुसऱ्या बाजूला अकरा घरं आहेत, आणि त्या अकरांत तो माणूस स्वतः आहे. तू आज नोंद केलीस तर त्याची बोटं काही सरळ होणार नाहीत, पण बाकीच्या दहांचा जन्मभराचा रोष त्याच्या कपाळी येईल. त्याने स्वतः रजिस्टर मिटलं म्हणतेस, म्हणजे त्याला हे कळलंय. त्याला जे कळलं ते आपण का नाकारायचं? दिवसातून दोनदा ड्रेसिंग कर, गोळ्या चालू ठेव, हात उंच ठेवायला सांग आणि त्याला खुर्चीवर बसू दे. हे पत्र पोचेल तोवर पंधराच्या आत दिवस उरले असतील. माझ्या काळात यापेक्षा वाईट हात मी खुर्चीवर बघितलेत.

त्याच्या बायकोची काळजी तू करू नकोस. नवरा कायम झाला की तीच तुझे पाय धरील.

आणि जावईबापूंना सांग, हे शेवटचे दिवस जरा जपून. ऐन वेळी घोळ नको.

मामा


२५ फेब्रुवारी

मामा,

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही सांगितलंत तसंच चाललंय. आज ३५७.

अनामिका काल शेंड्याकडून काळी पडली. मधल्या बोटाला वास येतोय. ताप आहे. तो येतो, डाव्या हाताने हजेरी लावतो आणि बसतो. फोरमनने खुर्चीवर ठेवायला एक उशी आणून दिली. पैलवान रोज दुपारी चहा आणून त्याच्या डाव्या हातात देतो. सगळे त्याच्याशी इतके चांगले वागताहेत की मला बघवत नाही.

तुम्ही लिहिलंत की यापेक्षा वाईट हात खुर्चीवर बघितलेत. ते कोणाचे होते? पुढे त्यांचं काय झालं? तेवढं कळवा. अजून आठ दिवस आहेत.

ठकू


३ मार्च

ठके,

तुझ्या प्रश्नाला पटकन उत्तर लिहायला बसलो आणि जमेना. दोन दिवस बसलोय.

एक वेल्डर होता, डोळ्यात ठिणगी गेलेला. एक लांब केसांचा रंगारी होता, त्याची पाठ गेली होती. एक हमाल, त्याचा पाय. एक जण भाजलेला, त्याला टेकून बसता येत नव्हतं म्हणून तो खुर्चीच्या कडेवर बसायचा. आणखी पाच-सहा तरी असतील. ते बसले तेवढे दिवस मला नेमके आठवतात, कारण बोर्डावरचा आकडा आठवतो. पुढे काय झालं ते मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. मामीने तो वेल्डर बाजारात भेटला होता असं एकदा सांगितलं होतं. त्याने तिला ओळखलं नाही, की त्याला ती दिसली नाही, हेसुद्धा मी विचारलं नाही.

खुर्ची माझीच आहे. म्हणजे तुझ्या आईची. ती शिवणाच्या मशीनवर बसायची तीच वेताची. एका माणसाचा घोटा सुजला होता, स्टुलावर बसवेना, म्हणून मी ती घरून डोक्यावर घेऊन गेलो. मनात दया होती, हे खरं सांगतो. त्या वेळी ९१ दिवस झाले होते, हेही खरं.

काळं पडलेलं बोट मागे फिरत नाही हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर ३६५ झालेले असतील. त्याच दिवशी त्याला ने. एक दिवसही थांबू नकोस.

मामा


१६ मार्च

मामा,

तो माणूस म्हणजे हेच होते.

सगळ्यांसमोर मला "सिस्टर" म्हणाले, नजर खाली ठेवून. मी तुम्हाला लिहिलं नाही, कारण मला तुमच्याकडून सेफ्टीवाल्या साहेबांचं उत्तर हवं होतं, मामाचं नको होतं. मला वाटलं होतं की साहेब म्हणून तुम्ही "लिही" म्हणाल, आणि मग यांच्या पुढे ते पत्र टाकून मी यांना ओढत नेईन. तुमचं पत्र आलं ते यांनीच मोठ्याने वाचलं. "बघ, मामाही तेच म्हणतात." जपून राहण्याचा निरोपही यांनीच वाचला आणि हसले.

५ तारखेला गेटवर मांडव घातला होता. नानांनी ३६५ लावला. साहेब बोलले, "हे यश तुमच्या शिस्तीचं आहे." टाळ्या झाल्या. हे माझ्या शेजारी अंगात ताप घेऊन उभे होते, हात कोटाच्या आत. मला हळूच म्हणाले, "एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात ते खरं आहे गं."

त्याच संध्याकाळी नेलं. कुठे लागलं विचारलं तर यांनी सांगितलं, घरी, कपाट सरकवताना. फॉर्मवर ते मीच लिहिलं. ७ तारखेला हात मनगटापासून काढला. डॉक्टर मला म्हणाले, "तुम्ही नर्स आहात ना?" तेवढंच म्हणाले.

पुढचं ऐका. कायम करण्याआधी वैद्यकीय तपासणी असते. कारखान्याच्या डॉक्टरांनी मंगळवारी अकराही जणांना बोलावलं. हे टाके ओले असताना आले. डॉक्टर सांगत होते, मी लिहीत होते. दहा फॉर्मांवर "पात्र" लिहिलं. अकराव्यावर "अपात्र". तो शब्द माझ्या अक्षरात आहे. भरपाई नाही, कारण कारखान्यात अपघात झालेलाच नाही, बोर्ड साक्षीला आहे.

मला तुमचा राग आलाय. तुमच्याहून जास्त स्वतःचा. पण तुमचाही आलाय, तो लपवत नाही.

ठकू


२४ मार्च

ठके,

तुझं पत्र मामीने वाचून संपवलं आणि माझ्यापुढे ठेवून आत निघून गेली. आज चौथा दिवस, ती माझ्याशी बोलत नाही. बोलली तरी मला ऐकू येत नाही, पण ती बोलत नाही हे कळतं.

क्षमा मागायला तोंड नाही. एक गोष्ट मात्र सांगायची आहे, ती आजवर कोणाला सांगितली नाही. तुम्हा सगळ्यांना वाटतं की मी म्हातारपणाने बहिरा झालो. बोर्डावर ३९६ असताना कारखान्याच्या डॉक्टरने माझे कान तपासले होते. तो म्हणाला, हे प्रेसच्या आवाजाने आहे, नोंद करू, कानांना झाकणं मिळतील, शेडमधल्या सगळ्यांनाच मिळतील. मी म्हणालो, "मी रोज कामावर हजर आहे. मग अपघात कसला?" तो हसला आणि त्याने कागद फाडला. तुझ्या फोरमनने तुला जे वाक्य ऐकवलं, ते माझं आहे. मीच त्याला शिकवलं. मी स्वतःला फसवलं तेव्हा मला वाटलं, मी कारखान्यासाठी त्याग करतोय. शेडमधल्या बाकीच्यांच्या कानांचं काय झालं असेल, हे त्या दिवसापासून आजपर्यंत माझ्या मनात आलं नव्हतं.

सोबत माझा जबाब आहे. खुर्ची कोणी आणली, नियम कसा वाकवला, कोण कोण बसलं, सगळं लिहून सही केली आहे. दोन शेजाऱ्यांच्या साक्षी आहेत. कामगार कचेरीत दे.

आणि रजिस्टरमध्ये नोंद कर. तारीख खरी घाल. पहिल्यांदा विचारलंस तेव्हा जे लिहायला हवं होतं ते आता लिहितो. लिही.

तुझा बहिरा
मामा


२० एप्रिल

मामा,

लिहिलं.

आधी हेच नको म्हणाले. "दहा घरं बसली आहेत, ती उठवू नकोस." मी ऐकलं नाही तेव्हा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी शर्टाची बटणं लावायला मला हाक मारावी लागली, आणि मग बोलले.

साहेबांनी नोंद वाचली आणि शांतपणे म्हणाले, "बाई, गेल्या वर्षाचा हिशोब पुरस्कारासाठी वर गेला आहे. आता मागे काही लिहिता येत नाही." नवं रजिस्टर मागवलं. मला एक तारखेपासून येऊ नका म्हणून सांगितलंय. तुमचा जबाब कामगार कचेरीत दिला. तिथल्या बाईंनी तो पूर्ण वाचला, पाणी दिलं. मग कारखान्याने पाठवलेला कागद दाखवला. ११ फेब्रुवारीला शेडमध्ये कोणालाही काही लागलं नाही, असं त्यावर लिहिलंय. खाली दहा सह्या आहेत. पहिली पैलवानाची. सोबत हॉस्पिटलच्या फॉर्मची नक्कल, कपाट सरकवताना, माझ्या अक्षरात. त्या म्हणाल्या, "तुमचीच दोन अक्षरं एकमेकांच्या विरुद्ध आहेत. मी कोणतं खरं धरू?" प्रकरण ठेवून घेतलंय. बघू म्हणाल्या.

बोर्डावर आज ४११ आहे. नाना आकडा बदलतात, पण मी गेटातून आत जाताना स्टूल उचलायच्या निमित्ताने पाठ फिरवतात. नवी नोटीस लागलीय, ७३० झाले की कायम कामगारांना पगारवाढ.

परवा पैलवान घरी आला. दारातच बसला, आत येईना. म्हणाला, "वहिनी, मी सही केली." हे म्हणाले, "माहितीये. मीही केली असती." मग तो उठायला गेला आणि उठवेना. गठ्ठे उचलताना पाठ धरलीय. आम्ही दोघांनी मिळून त्याला उभा केला, आमच्या तीन हातांनी. उद्या कामावर जाऊ नकोस म्हटलं. तो पायात चपला सरकवून भिंतीच्या आधाराने निघाला.

जुनं रजिस्टर अजून माझ्या टेबलावर आहे, ३० तारखेपर्यंत राहील. वर्षाच्या त्या पानावर दोनच ओळी आहेत. पहिली: प्रेस कामगार, हंगामी. उजवा पंजा. गैरहजर दिवस, शून्य. दुसरी मी काल लिहिली: सुरक्षा अधिकारी, निवृत्त. दोन्ही कान. गैरहजर दिवस, शून्य. कोणी वाचणार नाही. तरी लिहिली.

राग अजून आहे. तरीही मामींना घेऊन या.

ठकू

खालच्या ओळी यांच्या आहेत. वाचायला वेळ लागेल.

मामा, डाव्या हाताचं हे पहिलंच पत्र. तरी अक्षर ठकूपेक्षा बरं आहे. एक काम करा. ती खुर्ची आमच्या सासूबाईंची आहे म्हणे. तुमच्या घरची वस्तू म्हणून कारखान्याकडे परत मागा. आजपासून पैलवान तिच्यावर बसतोय.